कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस : ऑपरेशन कधी, कसं आणि नंतर काय?

केतकीचं_पान

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं पण या आजारावर वेगळा धागा दिसला नाही म्हणून उघडतेय. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस निघालाय. म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण जाड, कडक होऊन हृदयाला आवळून धरतं आणि हृदय नीट भरतच नाही. सर्जन म्हणतात ते आवरण काढून टाकायचं, पेरिकार्डिएक्टमी.

निदान व्हायला फार उशीर झाला. सुरुवात पोट फुगण्यापासून झाली, त्यामुळे सगळे लिव्हरच्या मागे लागले. सिरॉसिस समजून उपचार चालू होते. दारूला कधी हात न लावलेल्या माणसाला प्रत्येक नवीन डॉक्टर 'किती घेता?' हेच आधी विचारायचे, दादाला ते फार लागायचं. पोटातलं पाणी काढायचं, काही दिवसांत ते परत भरायचं. चेहरा आणि दंड सुकत गेले आणि पोट तेवढं वाढत गेलं. मध्ये इको पण झाला होता, त्यात ईएफ ६०% आलं, मग हृदय ठणठणीत आहे म्हणून तो कागद फाइलीत मागे गेला तो गेलाच.

शेवटी एका तरुण डॉक्टरने दादाला खाटेवर अर्धवट टेकून बसवलं आणि नुसता मानेकडे बघत राहिला. मानेतली शीर जवळजवळ कानाच्या पाळीपर्यंत भरलेली होती, आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितल्यावर ती उतरायच्या ऐवजी अजून वर चढली. तिथून मग परत इको, सीटी, कॅथ (शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन दाब मोजतात ते) असं सगळं झालं. सीटीत हृदयाच्या डाव्या आणि खालच्या बाजूला कॅल्शियमची पांढरी कडा स्पष्ट दिसते, मलासुद्धा दिसली. कॉलेजात असताना दादाला टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केलेला होता, त्याचंच हे असावं म्हणतात.

आता घरात दोन गट आहेत. दादा म्हणतो लघवीच्या गोळ्यांवर भागतंय तोवर भागवू. वहिनी रात्री झोपत नाही. मी नेटवर वाचायला गेले तर कुठे लिहिलंय ऑपरेशननंतर माणूस पूर्ण बरा होतो आणि कुठे लिहिलंय सात वर्षांत तीन चतुर्थांश लोक जातात, एकाच ऑपरेशनचे इतके वेगळे निकाल कसे? कुणाला अनुभव असेल, कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

वाटसरू

अनुभव नाही पण वाचतोय. ताई, धीर धरा. इथे एक-दोघं हार्ट सर्जरीतले आहेत, ते लिहितीलच.

डोक्याशी_उभा

केतकीताई, मी हार्टच्या ऑपरेशनांना भूल देतो, म्हणजे टेबलाच्या डोक्याशी उभा असतो, त्यामुळे हे ऑपरेशन जवळून बघतो. दादांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत एवढं धरून वाचा.

आधी ते ईएफ, कारण त्या एका आकड्याने खूप जणांचा वेळ घालवलाय. ईएफ म्हणजे हृदयात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती टक्के बाहेर गेलं. या आजारात आकुंचनाची ताकद बहुतेक वेळा चांगलीच असते, बिघाड भरण्यात असतो. भरलंच कमी तर त्यातलं ६०% बाहेर टाकूनही शरीराला पुरत नाही. दर ठोक्याला जाणारं रक्त वाढवता येत नाही म्हणून शरीर ठोके वाढवतं. म्हणूनच अशा माणसाची नाडी जलद लागली की ती 'कंट्रोल' करायला बीटा ब्लॉकर किंवा डिल्टियाझेम द्यायचं हे धोक्याचं असतं, तो वेग हाच त्याचा आधार असतो.

आणि जे रक्त हृदयात शिरू शकत नाही ते मागे तुंबतं. लिव्हर मोठं होतं, पोटात पाणी होतं, पाय सुजतात. या आजारात पायांपेक्षा पोट आधी आणि जास्त वाढलेलं दिसतं, म्हणून लिव्हरचा आजार वाटणं साहजिक आहे, पण एक धागा हाताशी असतो. पोटातलं पाणी तपासायला पाठवतात ना, त्या रिपोर्टमध्ये सॅग (रक्तातल्या आणि पोटातल्या पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक) १.१ किंवा त्याहून जास्त आणि प्रोटीन २.५ ग्रॅमच्या वर असेल तर हृदयाकडे बघायला हवं, कारण नुसत्या सिरॉसिसमध्ये प्रोटीन सहसा कमी असतं. जुनी फाइल काढून बघा, बहुतेक तिथे लिहिलेलं असेल.

आता दादांचं म्हणणं. लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरते, बरं वाटतं, हे खरंच आहे. पण गोळी आवरणाला काही करत नाही. उलट हे हृदय मागच्या वाढलेल्या दाबाच्या जोरावरच कसंबसं भरत असतं, तो दाब गोळ्यांनी फार उतरवला की बीपी पडतं, चक्कर येते, किडनीचे आकडे वर जातात. मग गोळी कमी करायची, की परत सूज. या चक्रात महिने जातात, आणि त्या महिन्यांत आवळलेला स्नायू सुकत जातो, लिव्हर खरोखरचं निबर होत जातं. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, पण पेशंट बदललेला असतो.

पुढचं रात्री लिहितो, ड्युटी आहे.

केतकीचं_पान

फाइल काढली. सॅग १.८, प्रोटीन ३.९. तारीख बघून रडू आलं.

उत्तररात्र

मला इथे एक विचारायचंय, धाग्याला धरूनच आहे. माझ्या बहिणीला व्हायरलनंतर पेरिकार्डायटिस झाला, हृदयाभोवती पाणी पण झालं होतं, आणि आता इकोवर कन्स्ट्रिक्शन आहे असं म्हणतात पण तिच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलेलं नाही, तीन महिने औषधं घ्या मग बघू म्हणाले. वरचं वाचून मला घाबरायला झालंय, आम्ही वेळ घालवतोय का?

डोक्याशी_उभा

@उत्तररात्र, नाही, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. तुमच्या बहिणीचं आणि केतकीताईंच्या दादांचं नाव एक असलं तरी अवस्था वेगळी आहे.

आवरण ताजं सुजलेलं असेल तर तेसुद्धा हृदयाला आवळतं. पण सूज ओसरली की ही आवळण जाऊ शकते, म्हणून तिला ट्रान्झियंट कन्स्ट्रिक्शन म्हणतात. यात सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, वाढलेला असतो आणि एमआरआय करताना गॅडोलिनियम दिलं की आवरण चमकतं. अशांना सूज उतरवणारी औषधं, कोल्चिसिन, गरज पडली तर स्टिरॉइड, असं २-३ महिने देऊन बघायचं असं २०१५ च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही आहे. बऱ्याच जणांचं ऑपरेशन यातून टळतं. शिवाय साध्या व्हायरल पेरिकार्डायटिसनंतर कायमचं कन्स्ट्रिक्शन होण्याचं प्रमाण १% पेक्षा कमी धरतात. पू झालेल्या जंतूंच्या प्रकारात मात्र ते २०-३०% पर्यंत जातं.

कॅल्शियम धरलेलं, सीआरपी नॉर्मल, जुना आजार, वजन घटलेलं, पोटात वारंवार पाणी, अशा ठिकाणी औषधाला उतरवायला सूजच उरलेली नसते. दादा या गटात.

टीबी चालू असेल तर त्याचा हिशोब आणखी वेगळा. आधी टीबीची औषधं सुरू करायचीच, आणि ४ ते ८ आठवडे देऊनही हृदयाची स्थिती सुधारत नसेल किंवा बिघडत असेल तर ऑपरेशन. टीबीत स्टिरॉइड द्यावं का यावर २०१४ मध्ये इम्पी नावाचा आफ्रिकेतला १४०० रुग्णांचा अभ्यास आला. मृत्यू वगैरे धरून केलेला एकूण निकाल प्रेडनिसोलोनने बदलला नाही, पण कन्स्ट्रिक्शन होणाऱ्यांचं प्रमाण ७.८% ऐवजी ४.४% राहिलं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये मात्र कॅन्सर जास्त दिसले, म्हणून ते सरसकट देत नाहीत.

उत्तररात्र

खूप खूप आभार. सीआरपी वाढलेलाच आहे तिचा आणि एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे. आता नीट झोप लागेल.

जुनीविहीर

केतकी, माझं हे ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून लिहितो, वयाने तुझ्या दादापेक्षा बराच मोठा असेन. मला पण टीबीचंच होतं.

ऑपरेशनआधी मी चार पायऱ्या चढलो की कठड्याला धरून उभा राहायचो आणि दोन घास खाल्ले की पोट गच्च, आतडीसुद्धा सुजलेली असतात म्हणे त्यामुळे भूकच लागत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. सगळ्यांना वाटतं आवरण काढलं की दुसऱ्या दिवशी माणूस टुणटुणीत, तसं माझं झालं नाही आणि ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी आणि घरचे इतके घाबरलो नसतो. आयसीयूत बीपी धरून ठेवायला पंपावर औषधं चालू होती, ती एक कमी केली की बीपी खाली, परत वाढवा, असं काही दिवस चाललं. एक दिवस ठोके अनियमित झाले, एएफ म्हणाले, औषधाने ताळ्यावर आले. छातीतल्या नळ्यांनी जीव नकोसा होतो, त्या काढल्या त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग लघवी सुरू झाली ती अशी की सिस्टर पिशवी बदलता बदलता थकली. पोट मऊ पडलं. पावलांची हाडं दिसायला लागली, मला माझीच पावलं ओळखू येईनात. भूक यायला त्यानंतरही वेळ गेला. आणि हात-पाय इतके वाळलेले होते की सूज उतरल्यावर मी आधीपेक्षा आजारी दिसायला लागलो, बायको ते बघून घाबरली. मांस भरायला महिने लागले.

घरी जाताना इकोच्या रिपोर्टवर 'डायस्टोलिक डिसफंक्शन' लिहिलेलं होतं, ते वाचून मला वाटलं ऑपरेशन फुकट गेलं. डॉक्टर म्हणाले स्नायू इतकी वर्षं दाबात होता, त्याला परत सैल व्हायला शिकू द्या, रिपोर्टपेक्षा जिना किती चढता ते सांगत जा. नंतरच्या इकोत ते हळूहळू सुधारलं. लघवीची गोळी अजून अर्धी आहे. जिना चढतो. तुझ्या दादाला सांग, भागवत बसू नको. मी भागवत बसलेले दिवस मला परत मिळणार नाहीत.

पानगळ

जुनीविहीर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

थोडं अवांतर. हृदयाच्या आवरणामुळे लिव्हर बिघडल्यासारखं दिसतं हे फ्रीडेल पिक यांनी १८९६ मध्येच लिहून ठेवलंय. आवरण सोलून काढायची कल्पना फ्रेंच सर्जन एदमों देलोर्म यांनी १८९८ मध्ये मांडली आणि १९१३ च्या सुमारास जर्मनीत लुडविग रेन आणि फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी ती प्रत्यक्षात आणली. रेन म्हणजे १८९६ मध्ये हृदयाची जखम पहिल्यांदा यशस्वीपणे शिवणारे तेच. हार्ट-लंग मशीन यायला तेव्हा चाळीस वर्षं होती! चालत्या हृदयावरच हे सगळं केलं त्यांनी.

डोक्याशी_उभा

आजही बरंचसं चालत्या हृदयावरच होतं. केतकीताईंनी कसं करतात ते विचारलेलं, तर सांगतो.

बहुतेक ठिकाणी छातीचं मधलं हाड उभं कापून आत जातात. काही सर्जन डाव्या बाजूने फासळ्यांमधून जातात. त्याने डावी बाजू छान दिसते पण उजवं ॲट्रियम (वरचा कप्पा) आणि मोठ्या शिरा अवघड जातात. आवरण नेहमी पातळ असतं, २ मिमीच्या आत. इथे ते वाळून आकसलेल्या चामड्यासारखं लागतं आणि कॅल्शियम असेल तर कात्रीखाली करकरतं, तो आवाज डोक्याशी ऐकू येतो. सर्जन एका जागी छेद घेऊन आवरण आणि स्नायू यांच्यामधला थर शोधतो. तो थर सापडला की निम्मं काम झालं, नाही सापडला तर दिवस लांबतो.

सोलायला सुरुवात डाव्या व्हेंट्रिकलपासून, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यापासून, करतात. उजवी बाजू आधी मोकळी केली तर ती जोरात रक्त पुढे ढकलते, पुढची डावी बाजू अजून आवळलेलीच असते, आणि मधल्या मध्ये फुफ्फुसं पाण्याने भरतात. मग उजवी बाजू, खालची डायफ्रामवरची बाजू, शिरांची तोंडं. दोन्हीकडच्या फ्रेनिक नर्व्ह, ज्या श्वासाचा पडदा हलवतात, त्या पट्टीसारख्या जपून ठेवायच्या. मध्येच कॅल्शियम थेट स्नायूत रुतलेलं असतं किंवा कोरोनरीला, म्हणजे हृदयाच्याच रक्तवाहिनीला, चिकटलेलं असतं, तिथे हट्ट न करता ते बेट तसंच सोडतात, आजूबाजूचं मोकळं करतात. ओढून काढायला गेलं तर हृदयाची भिंत फाटते.

आणि बाहेरचं आवरण काढूनही हृदय फुलत नसेल तर त्याला चिकटलेला आतला पातळ थर आवळत असतो. तो सोलायचा, किंवा सोलता येत नसेल तर त्यावर आडवे-उभे छेद देऊन तो सैल करायचा, याला वॉफल म्हणतात. हे काम अतिशय किचकट. पण हे राहून गेलं तर पेशंटला आराम पडत नाही.

मी या सगळ्यात मॉनिटरवरच्या एका आकड्याकडे बघत असतो, सेंट्रल व्हेनस प्रेशर. सुरुवातीला २० च्या वर असतं. चांगलं मोकळं झालं की ते डोळ्यांदेखत उतरायला लागतं, आणि हृदय छेदातून वर फुगून येतं. माझ्या कामात याच्याइतकं समाधान देणारं फार थोडं आहे.

पंपरूम

मी परफ्युजनिस्ट, हार्ट-लंग मशीन चालवते. लोक 'मशीनवर घेणार का' याला फार घाबरतात म्हणून लिहितेय. चालत्या हृदयाला मागची बाजू बघायला उचललं की बीपी कोसळतं, त्यामुळे मशीनशिवाय मागचा भाग राहून जाऊ शकतो. मशीनवर हृदय रिकामं करून उचलता येतं, पूर्ण काढता येतं, आणि कुठे फाटलं तर सावरायला वेळ मिळतो. मशीनवर घेतलं म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजू नका.

डोक्याशी_उभा

@पंपरूम सहमत, फक्त दुसरी बाजूही लिहितो. मशीनसाठी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावं लागतं आणि सोललेला सगळा पृष्ठभाग उघडा असतो, त्यातून झिरपत राहतं. ज्याचं लिव्हर थकलंय त्याचं रक्त आधीच नीट गोठत नाही. म्हणून मला वाटतं मशीन बाजूला तयार हवं, वापरायचं की नाही ते आत दिसेल तसं. व्हॉल्व्हचं काम किंवा बायपास सोबत असेल तर प्रश्नच नाही, मशीन लागतंच.

निरभ्र

एक शंका. माझ्या काकूंना हेच निदान दिलंय पण सीटीत आवरणाची जाडी नॉर्मल आहे. मग ऑपरेशन कशाचं करायचं? सेकंड ओपिनियन घ्यावं का?

डोक्याशी_उभा

सेकंड ओपिनियन जरूर घ्या, पण जाडी नॉर्मल म्हणजे आजार नाही असं मात्र नाही. मेयो क्लिनिकने २००३ मध्ये ऑपरेशनमध्ये सिद्ध झालेले १४३ रुग्ण तपासले, त्यातल्या १८% लोकांचं आवरण जाड नव्हतंच, तरी ते आवळत होतं आणि काढल्यावर त्यांनाही फायदा झाला. जाडीपेक्षा हृदय श्वासाबरोबर कसं वागतं ते महत्त्वाचं. आवळलेल्या हृदयात दोन्ही कप्प्यांना मिळून जागा ठरलेली असते, त्यामुळे श्वास घेतला की उजवा कप्पा भरतो तो डाव्याची जागा खाऊन, आणि मधला पडदा प्रत्येक श्वासाला डोलतो. इकोवर हे दिसतं, कॅथमध्ये दोन्ही कप्प्यांचे दाब एकाच वेळी मोजले की आणखी स्पष्ट दिसतं.

हे इतकं बघायचं कारण रिस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपथी. लक्षणं जवळजवळ तीच पण दोष स्नायूत. तिथे आवरण काढून काही मिळत नाही. काकूंच्या डॉक्टरांना 'हे स्नायूचं नाही हे कशावरून ठरवलं?' असं विचारा. बीएनपी (हृदयाच्या स्नायूवर ताण आला की रक्तात वाढतं ते) खूप वाढलेलं असेल तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा.

केतकीचं_पान

सगळ्यांचे आभार कसे मानू. दादाला मोबाइलवर जुनीविहीर काकांचं वाचून दाखवलं, काही बोलला नाही पण परत मागून वाचलं. डॉक्टर, तेवढं आकड्यांचं राहिलं.

डोक्याशी_उभा

हो. तुम्ही वाचलेला तीन चतुर्थांश लोक जातात वाला आकडा कुठला ते मला माहितीये. क्लीव्हलँड क्लिनिकने २००४ मध्ये १६३ रुग्णांचे निकाल दिले. ऑपरेशनच्या आसपास मृत्यू ६%. पण सात वर्षांनी हयात असलेले लोक कारणानुसार मोजले तर, कारण सापडलं नाही अशांत ८८%, आधीच्या हार्ट सर्जरीनंतर झालेलं होतं त्यांच्यात ६६% आणि छातीला रेडिएशन दिलेल्यांत फक्त २७%. तुम्ही वाचलेली दोन्ही टोकं या एकाच अभ्यासात आहेत. ऑपरेशन एक, पण आवरणाच्या खाली काय आहे त्यावर निकाल ठरतो. रेडिएशनने नुसतं आवरण नाही, स्नायू, व्हॉल्व्ह, कोरोनरी, फुफ्फुसं सगळंच भाजलेलं असतं.

ऑपरेशनचा धोका काळानुसार कमीही झालाय. मेयोच्या १९३६ पासूनच्या रुग्णांत १९९० च्या आधी ३० दिवसांतले मृत्यू १३.५% होते, नंतरच्या काळात ५.२%. २०१५ च्या युरोपियन गाइडलाइनने ६ ते १२% धरलं होतं. म्हणजे हे ऑपरेशन छोटं नाही. साध्या बायपासपेक्षा धोका नक्कीच जास्त आहे आणि वहिनींची भीती खोटी नाही.

टीबीवाल्यांचे निकाल रेडिएशनवाल्यांसारखे नसतात, त्यामुळे २७% हा आकडा दादांसाठी डोक्यातून काढा. त्यांच्या बाबतीत बघायचं ते लिव्हर किती थकलंय, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वगैरे मिळून चाइल्ड स्कोअर, म्हणजे लिव्हरची ए, बी, सी अशी श्रेणी, काय येतो, किडनी, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह किती गळतो, आणि कॅल्शियम स्नायूत किती शिरलंय. आयसीयूत सगळ्यात जास्त भीती लो आउटपुटची, म्हणजे हृदयातून पुरेसं रक्त बाहेर न जाण्याची, असते, सुकलेल्या स्नायूवर अचानक भरपूर रक्त येतं आणि तो फुगून थकतो. जुनीविहीर काकांना झालं ते त्यातलंच सौम्य. क्वचित हृदयाला आधार द्यायला बलून पंप, अगदीच वेळ आली तर हृदय-फुफ्फुसांचं काम बाहेरून करणारा एक्मो लागतो.

सावली

मला हे लिहायला दोन दिवस लागले. माझ्या नवऱ्याला तरुणपणी हॉजकिन्सचा कॅन्सर झाला होता, छातीला रेडिएशन दिलं, कॅन्सर गेला, आमचा संसार झाला, मुलं मोठी झाली. मग इतक्या वर्षांनी हे. ऑपरेशन झालं. सर्जनने जे करता येईल ते सगळं केलं यावर माझा आजही विश्वास आहे. पोटातलं पाणी कमी झालं, पण दम तसाच राहिला, फुफ्फुसं आणि स्नायू दोन्ही आतून कडक झालेले होते. ऑपरेशननंतर आम्हाला एकत्र वेळ मिळाला पण तो फार नव्हता.

डॉक्टरांनी वर लिहिलंय ते आम्हाला आधी कुणी इतकं उघड सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही कदाचित ऑपरेशन केलंच असतं. पण आम्ही काय मिळवायला जातोय ते माहीत असायला हवं होतं. केतकी, तुझ्या दादाचं कारण वेगळं आहे, त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना करते. ज्यांच्या घरी रेडिएशनवालं असेल त्यांनी मात्र 'ऑपरेशननंतर काय सुधारेल आणि काय नाही' हे दोन्ही विचारा.

जुनीविहीर

सावलीताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

मनमोकळा

आमच्या ओळखीत एकाचं फक्त पुढचं आवरण काढलं, 'तेवढं पुरे' म्हणाले. वर्षभर बरं होतं, मग परत पोट. आता दुसऱ्यांदा करायचं तर सगळं चिकटलंय म्हणून कुणी हात लावायला तयार होत नाहीये. हे टाळता येतं का?

डोक्याशी_उभा

नेहमीच नाही, वर लिहिलं तसं कुठे थांबायचं ते हृदय ठरवतं. पण पूर्ण काढलेल्यांचे निकाल अर्धवटपेक्षा चांगले असतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप धोक्याचं असतं, म्हणून पहिल्याच वेळी जास्तीत जास्त काढायचा बेत हवा. केतकीताई, सर्जनना भेटाल तेव्हा हे विचाराच की एका फ्रेनिकपासून दुसऱ्या फ्रेनिकपर्यंत आणि खालची डायफ्रामची बाजू पूर्ण काढणार ना, मागचं जमेल तेवढं करणार का, आतला थर आवळत असेल तर त्याचं काय, आणि तुम्ही व तुमची टीम हे ऑपरेशन किती वेळा करता. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका, चांगला सर्जन त्याचं सरळ उत्तर देतो. हे नेहमी करणाऱ्या ठिकाणी जाण्यासाठी थोडा प्रवास करावा लागला तरी करा.

केतकीचं_पान

अपडेट देते. भेटून आलो. तुमचे सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते, दादानेच एकेक वाचून विचारले. सर्जननी सीटी पडद्यावर लावून कुठलं कॅल्शियम निघेल आणि डावीकडचा एक तुकडा बहुधा तसाच सोडावा लागेल ते बोटाने दाखवलं. मशीन तयार ठेवणार, लागलं तर घेणार. चाइल्ड बी आहे म्हणाले, धोका आहे पण थांबलो तर सी होईल आणि मग कदाचित ते स्वतःच नाही म्हणतील. आधी भरती करून पाणी थोडं काढणार, अल्ब्युमिन आणि आयएनआर सुधारायचा प्रयत्न करणार, मग ऑपरेशन. दादा हो म्हणालाय. वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, 'वाचतील ना?' तर ते म्हणाले, 'शंभरातले नव्वदच्या वर वाचतात असं मी तुम्हाला सांगू शकतो, यांचं नाव त्यात आहे असं लिहून देऊ शकत नाही.' वहिनीला ते पटलं.

घरी काय तयारी करू? तीन बॉलचं श्वासाचं यंत्र आणून ठेवायला सांगितलंय.

जुनीविहीर

ते यंत्र ऑपरेशननंतर हातात देतात आणि तेव्हा दुखण्यात काही समजत नाही, आजपासूनच सुरू करा. फुंकायचं नसतं, तोंडात धरून हळूहळू आत ओढायचं असतं आणि बॉल वर असताना जरा वेळ रोखायचं. खोकताना छातीशी घट्ट धरायला एक छोटी कडक उशी हवी. कुशीवर वळून, हातावर जोर न देता उठायचं कसं ते फिजिओकडून आधीच शिकून घ्या, हाड जुळेपर्यंत तसंच उठायचंय. आणि एक वजनकाटा घ्या. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन करून वहीत लिहायचं, दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं तर पाणी साठतंय, सूज दिसायची वाट न बघता फोन करायचा. ती वही दादाच्या हातात नको, वहिनीच्या हातात द्या.

डोक्याशी_उभा

आणि भूल देणारा डॉक्टर आदल्या दिवशी भेटायला येईल, त्याला सगळ्या गोळ्यांची नावं दाखवा. मध्ये कधी नाडी कमी करायची गोळी सुरू केली असेल तर ती आत्ताच त्यांच्या कार्डिओलॉजिस्टच्या कानावर घाला, स्वतःहून बंद करू नका.